मनाचे दुखणे आणि विश्वासाची ठेव
(लोधिवली येथील ज्ञातिमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज आम्ही जो विषय मांडणार आहोत तो ज्ञातिमेळाव्यात सहसा कोणी काढीत नाही. मधुमेह वा हृदयविकार यांची चौकशी आपण ओटीवर बसून मोकळेपणाने करतो. परंतु घरातील कोणाचे मन आजारी पडले की दार लावून घेतो. आणि दार लावले तरी बातमी खिडकीतून बाहेर पडतेच. लपविणे आणि बोभाटा होणे या दोहोंचे फळ एकच : रुग्ण वैद्यापर्यंत फार उशिरा पोचतो.

शरीराच्या रोगात नाडी बोलते, रक्ताची तपासणी बोलते. मनाच्या रोगात मुख्यतः रुग्णाचे शब्दच बोलतात. ते शब्द त्याने भीतीपोटी गिळले तर निदानही अपुरेच राहणार. म्हणून मानसोपचारातील गुप्तता हे केवळ सौजन्य नव्हे. ते चिकित्सेचे साधनच होय.

हा विचार परदेशातून आणलेला आहे असे कोणी समजू नये. चरकसंहितेच्या विमानस्थानात वैद्यकाच्या शिष्याला जो उपदेश केला आहे, त्यात रुग्णाच्या घरातील गोष्टी बाहेर सांगू नयेत अशी स्पष्ट आज्ञा आहे. ग्रीक वैद्य हिपॉक्रेटीस याच्या नावाने चालत आलेल्या शपथेतही हेच बंधन आहे.

जे पूर्वी धर्म म्हणून पाळले जाई, ते आता कायद्याने बांधून दिले आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ हा २९ मे २०१८ पासून अंमलात आला. त्याच्या २३ व्या कलमाने रुग्णाला गुप्ततेचा हक्क दिला असून, उपचार करणाऱ्या सर्वांवर ती राखण्याचे बंधन घातले आहे. २४ व्या कलमान्वये रुग्णाच्या संमतीवाचून त्याचे छायाचित्र वा माहिती वृत्तपत्रादी माध्यमांना देता येत नाही. १४ व्या कलमाने प्रत्येक सज्ञान व्यक्तीला आपला प्रतिनिधी लेखी नेमता येतो. तो नातेवाईकच असावा असे नाही. त्याला त्याचे कर्तव्य करण्यापुरती माहिती मिळते. अर्थात काका, मामा, शेजारी यांनी ‘आम्ही घरचेच’ असे म्हणून वैद्याला खोदून विचारणे उचित नव्हे.

परंतु गुप्तता म्हणजे आंधळे मौनही नव्हे. कोणाच्या जिवाला धोका असेल, किंवा उच्च वा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश असेल, तर आवश्यक तेवढीच माहिती देण्यास अधिनियम मोकळीक देतो. रुग्णापासून दुसऱ्या व्यक्तीला गंभीर धोका असल्यास तिच्या रक्षणासाठी उपचारकाने वाजवी काळजी घेतली पाहिजे, असा निर्णय अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली दिला. आपल्याकडे बालकांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास ती पोलिसांना कळविणे २०१२ च्या कायद्याने सर्वांवरच बंधनकारक केले आहे. चांगला उपचारक या मर्यादा पहिल्याच भेटीत समजावून सांगतो.

आपल्या या परिसरातील एक उदाहरण सांगतो. डॉ. भरत वाटवानी व डॉ. स्मिता वाटवानी यांनी १९८८ साली स्थापन केलेल्या श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशनचे केंद्र कर्जतजवळ आहे. रस्त्यावर भटकणाऱ्या निराधार मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना स्वगृही पोचविणे हे त्यांचे कार्य, त्यासाठी डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ साली मॅगसेसे पुरस्कार लाभला. अशा रुग्णाचे घर शोधायचे तर चार ठिकाणी विचारावेच लागते. परंतु घर सापडण्यापुरते सांगणे वेगळे आणि त्याची कहाणी चव्हाट्यावर मांडणे वेगळे. आणि घरी परतलेल्याला गाव कोणत्या नजरेने पाहते, यावर त्याचे पुढचे आयुष्य अवलंबून असते.

आता आपल्या ज्ञातीच्या मर्मावर येतो. विवाह जुळविताना मध्यस्थ मंडळी ‘त्या घरात कोणाला वेड आहे काय’ याचा कानोसा घेतात. एका शब्दाने मुलाचेच नव्हे, तर त्याच्या बहिणीचेही स्थळ मोडते. त्या भीतीने आईबाप औषध बंद करतात. आणि मधेच औषध सोडल्याने दबलेला आजार पुन्हा उसळतो. याउलट, फसवणूक करून विवाह लावावा असेही आम्ही म्हणत नाही. महत्त्वाची गोष्ट लपवून संमती मिळविली असेल तर हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या १२ व्या कलमाखाली तो विवाह रद्द ठरविता येतो. म्हणून जे सांगावयाचे ते वधूने वा वराने स्वतः, समोरच्या व्यक्तीला, विवाह ठरण्यापूर्वी सांगावे. ते सांगण्याचा अधिकार त्यांचा. मध्यस्थाचा नव्हे, ज्ञातीचा तर नव्हेच.

संस्थेपुढे आमच्या तीन नम्र सूचना आहेत. वधूवरांच्या नोंदणीत मिळालेली आरोग्यविषयक माहिती कार्यकर्त्यांनी तिसऱ्या कोणास सांगू नये. औषधाची चिठ्ठी वा रुग्णालयातील छायाचित्र ज्ञातीच्या व्हॉट्सअॅप गटावर कोणीही टाकू नये, मग हेतू मदतीचा का असेना. आणि रुग्ण वैद्याशी बोलत असता सोबत आलेल्याने बाहेर बसावे; त्याने बोलावले तरच आत जावे.

ज्यांना दवाखान्याची पायरी चढण्याचा संकोच वाटतो, त्यांच्यासाठी शासनाची टेलिमानस ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झाली आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य बोलता येते.

बंधुभगिनींनो, दुसऱ्याने विश्वासाने ठेवावयास दिलेला दागिना आपल्यापैकी कोणी मोडून खाणार नाही. मनाचे दुखणे ही त्याहून मोलाची ठेव आहे. ज्या ज्ञातीत ती सुरक्षित राहील, तेथील माणसे वेळेवर उपचार घेतील आणि बरी होऊन आपल्यातच वावरतील.