बांधाला बांध



पेरणीचे दिवस आले की रानात दोन गोष्टी हटकून उगवतात. एक तण, आणि दुसरे बांधावरचे भांडण. तण खुरप्याने निघते. भांडणाने मात्र एकदा मूळ धरले की ते बापाकडून मुलाकडे वारशाने जाते.

हे भांडण असते तरी केवढ्याचे? हिशेब मांडू. मोजणीची साखळी ३३ फुटांची. साखळीभर लांब नि साखळीभर रुंद म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. आता धरा, दोन शेतांमधला बांध १० साखळ्या लांब आहे आणि शेजाऱ्याने नांगरता नांगरता तो फूटभर कोरला. किती गेले? ३३० चौरस फूट. गुंठ्याचा पुरता तिसरा हिस्साही नाही! आणि तेवढ्यापायी तालुक्याच्या खेपा, वकिलाची फी, बुडालेले कामाचे दिवस. शिक्षक बंधुभगिनींनी हे गणित वर्गात जरूर घालावे. मुले घरी जाऊन उत्तर सांगतील.

"मग काय, सोडून द्यायचे?" असे कोणी विचारील. छे! सोडू नका, पण काठीही उचलू नका. जो तो आजोबांनी दाखवलेल्या झाडाकडे बोट करतो, आणि झाड तर केव्हाच वठून गेलेले असते. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज द्या. लगतच्या शेतकऱ्यांना नोटीस जाते. त्या दिवशी दोघांनीही बांधावर हजर राहावे. दोघांच्या डोळ्यांदेखत झालेली खूण टिकते.

वाटेचेही तसेच. आतल्या बाजूच्या शेतकऱ्याला बांधावाचून वाट नसते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम १४३ प्रमाणे तहसीलदार बांधावरून वाट देऊ शकतात. वहिवाटीची वाट कुणी अडवली, तर १९०६ चा मामलेदार न्यायालय कायदा आहे. मात्र अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा करावा लागतो. "आज बोलू, उद्या बोलू" म्हणता म्हणता मुदत निघून जाते.

आणि सामाईक विहीर? वाटणीच्या वेळी भाऊ म्हणतात, "कागद कशाला? आपण काय परके आहोत?" खरे आहे. पण पुढे मुले चुलतभाऊ होतात आणि नातवंडे नुसती शेजारी. म्हणून गोडी आहे तोवरच विहिरीतला हिस्सा, पाण्याची पाळी, पाटाची वाट वाटणीपत्रात लिहा आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कांत नोंद करून घ्या. आपल्या माघारी आपला शब्द राहावा, एवढ्यासाठी कागद.

कुठे कुठे याची जमीन तो कसतो नि त्याची हा. अशांसाठी शासनाने २०२३ साली सलोखा योजना काढली. असा कब्जा किमान १२ वर्षांचा असेल, तर दोघांच्या संमतीने होणाऱ्या अदलाबदलीला मुद्रांक शुल्क १००० रुपये आणि नोंदणी फी १००० रुपये ठरवली. तलाठ्याकडे चौकशी करावी.

शेवटी एकच सांगतो. गंजीला आग लागली, बैल विहिरीत पडला, तर पहिला धावून येतो तो बांधाला बांध असलेला शेजारीच. भाऊबंद पोचेपर्यंत त्याने दोर टाकलेला असतो. तो शेजारी फूटभर मातीसाठी घालवू नका.

राम राम.