पावसातली सायकलफेरी : पुणे ते पणजी



वैशाखाच्या या काहिलीत, हातातल्या पत्रिकेनेच वारा घेत बसलेल्या श्रोत्यांपुढे पावसाविषयी बोलायचे म्हणजे थोडा अन्यायच आहे. पण व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय आमच्यावर सोपवला, आणि आम्हांला येते ते हेच. आम्ही कोणी नामांकित खेळाडू नव्हेत. सात जणांचे एक टोळके. त्यात शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी, एक शिक्षिका, सायकल-दुरुस्तीचे दुकान चालवणारे एक मिस्त्री, कारखान्यात पाळीवर जाणारा एक तरुण, आणि उरलेले आमच्यासारखे कचेरीत खुर्च्या झिजवणारे. 2018 सालच्या जुलैत आम्ही पुण्याहून सायकलींवर निघालो आणि सातारा, कोल्हापूर, आजरा, आंबोली असे करत पणजीला उतरलो. अंतर सुमारे साडेचारशे किलोमीटर. आजच्या काळात हे अंतर मोटार एका दिवसात कापते, आणि त्यात कोणाला नवल वाटत नाही. तेव्हा नवलाचा दावा आमचाही नाही.

पहिला प्रश्न आम्हांला सगळीकडे विचारला जातो तो असा, की जायचेच होते तर पावसाळ्यात कशाला? डिसेंबरात का नाही? याला आमचे उत्तर सरळ आहे. डिसेंबरात कोणीही जाईल. शिवाय सह्याद्रीच्या पूर्वेकडून पश्चिमेकडे जाताना पाऊस कसा वाढत जातो हे पुस्तकात वाचणे वेगळे आणि पाठीच्या कण्यावरून ओघळताना समजणे वेगळे. पुण्याला वर्षाकाठी सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. आंबोलीला त्याच्या दसपट. नैर्ऋत्येचे वारे समुद्रावरून वाफ घेऊन येतात, डोंगराला आपटून वर चढतात, थंड होतात आणि ओझे तिथेच टाकून देतात. पलीकडच्या बाजूला उतरतात तेव्हा झोळी रिकामी असते. पुण्या-कोल्हापूरचा महामार्ग बव्हंशी या रिकाम्या झोळीच्या बाजूने जातो. म्हणून पहिले दोन दिवस पाऊस आमच्याशी खेळत होता असेच म्हटले पाहिजे. जुना कात्रज घाट भुरभुर पावसात गेला, खंबाटकी चढताना ऊन पडले, साताऱ्यात शिरताना एक सर आली आणि गेली.

आम्ही वाटेत नद्या मोजत होतो. बाईंची ही कल्पना. शाळेत नद्यांची नावे मुलांकडून पाठ करून घेतली, पण ओळीने ओलांडल्या कधी नव्हत्या, असे त्या म्हणाल्या. शिरवळजवळ नीरा, पुढे भुईंजला कृष्णा, साताऱ्याच्या तोंडाशी वेण्णा, उंब्रजला तारळी, कऱ्हाडला कोयना, मग वारणा, मग पंचगंगा. मोटारीतून जाताना नदी म्हणजे पुलाच्या कठड्यांचा खडखडाट, दुसरे काही नाही. सायकलवरून पूल ओलांडायला वेळ लागतो. पाण्याचा रंग दिसतो, वास येतो, आणि कोणत्या नदीच्या डोक्यावर आज पाऊस चालू आहे हे त्या रंगावरून कळते. कोयना गढूळ होती. पंचगंगा तर काठ सोडून शेतांत शिरण्याच्या बेतात होती.

आता थोडे तंत्राचे सांगतो, कारण भिजत सायकल चालवणे हे भिजत चालण्यासारखे नाही. कोरड्या रस्त्यावर टोळीने जाण्याचा मोठा फायदा असा, की पुढच्याच्या मागे जवळून चालवले तर वाऱ्याचा भार पुष्कळच हलका होतो; म्हणून आळीपाळीने पुढे व्हायचे आणि दमलेल्याने मागे यायचे. पावसात ही सोय निम्मी बुडते. पुढच्या चाकाने उडवलेला चिखल थेट मागच्याच्या तोंडात जातो, शिवाय ओल्या रिमवर ब्रेक उशिरा लागतो, म्हणून अंतर ठेवावे लागते. रबर आधी पाणी पुसते आणि मगच रिम धरते. तेवढ्यात चाकाचे दोनतीन फेरे होऊन जातात. आमच्या मिस्त्रींनी निघण्यापूर्वी प्रत्येकाच्या मागच्या मडगार्डला जुन्या ट्यूबचा तुकडा शेपटीसारखा लावून दिला. ज्याने लावला त्याला त्याचा काडीचा उपयोग नाही. उपयोग सगळा मागून येणाऱ्याला. रस्त्यावर मारलेले पांढरे पट्टे निसरडे, पहिल्या सरीनंतर वर आलेले तेल त्याहून निसरडे, आणि पाण्याने भरलेला खड्डा डबक्यासारखाच दिसतो, तो किती खोल हे आत गेल्यावरच कळते. ओल्या टायरला काचेचे बारीक कण चिकटतात आणि आत रुततात, त्यामुळे पंक्चरही पावसातच जास्त. आणि ओल्या ट्यूबवर सोल्युशन धरत नाही! म्हणून ठिगळांच्या भरवशावर न राहता ट्यूबच जादा बाळगावी.

भुकेचीही एक गंमत आहे. पावसात तहान लागत नाही, म्हणून माणूस पाणी पीत नाही. थांबले की गारठा वाजतो, म्हणून खायला थांबत नाही. आणि मग तिसऱ्या प्रहरी एकाएकी पायांतले बळ जाते. थंडीने गेले की उपाशीपणाने, हे ज्याचे त्याला कळत नाही.

टोळीने लांब जाण्याचा हा उद्योग आपल्याकडेच निघाला असे नाही. 1897 सालच्या जूनमध्ये इटलीतले बारा सायकलस्वार रोमहून नेपल्सपर्यंत, म्हणजे सुमारे 230 किलोमीटर, एका दिवसाच्या उजेडात एकत्र गेले. त्यांना लोक ‘ऑडॅक्स’ म्हणू लागले. लॅटिन शब्द, अर्थ धाडसी. फ्रान्समध्ये आंरी देग्रांज यांनी 1904 साली ती पद्धत आणली. तीत टोळीचा एक नायक असतो, तो चाल ठरवतो, आणि कोणी त्याच्यापुढे जायचे नसते. याच्या उलट शर्यतीची परंपरा. पॅरिसहून ब्रेस्तला जाऊन परत यायचे, बाराशे किलोमीटर; 1891 साली शार्ल तेराँ यांनी ती पहिली शर्यत सुमारे 71 तासांत जिंकली. 1931 साली पाऊस आणि समोरचा वारा सोसून ऑस्ट्रेलियाचे ह्यूबर्ट ऑपरमन तीत पहिले आले. पुढे व्यावसायिकांची शर्यत थांबली आणि तीच वाट हौशी लोकांनी नव्वद तासांच्या मुदतीत पुरी करायची, असा प्रघात पडला. 2007 साली ती फेरी जवळजवळ सारी पावसात गेली. पाच हजारांवर निघाले होते, त्यांतल्या तीस टक्क्यांच्या आसपास लोकांना ती मुदतीत पुरी करता आली नाही. 2019 आणि 2023 सालच्या फेऱ्यांत आपल्या देशातले सायकलस्वारही शेकड्यांनी होते. आमच्या टोळीत यांपैकी कोणी नव्हते, पण नायकाची पद्धत आम्हांला पसंत पडली. तसे पाहिले तर आपल्या दिंडीची चालही हीच. विणेकऱ्याला मागे टाकून कोणी पंढरपूर गाठत नाही.

आम्ही पुण्यात नियम केला होता : सर्वांत हळू जो चालवील त्याची चाल ती टोळीची चाल, कोणाला मागे टाकायचे नाही, आणि कोणाला ओढायचेही नाही. ऐकायला हा नियम फार गोड आहे. तिसऱ्या दिवशी त्याची किंमत कळली.

कोल्हापूर सोडले तेव्हाच आभाळ खाली आले होते. कागलच्या पुढे दूधगंगा ओलांडली, निपाणीला महामार्ग सोडून आजऱ्याच्या वाटेला लागलो आणि पावसाने खेळ थांबवला. समोरून वारा, तोही असा की उतारावरसुद्धा पायडल मारावे. बेत त्या रात्री आंबोलीला पोचण्याचा होता. उत्तूरच्या अलीकडे गुरुजी मागे पडू लागले. वय बासष्ट, पण दोन दिवस तेच आमच्यात ताजे होते. त्यांच्याजवळ जाऊन पाहिले तर ओठ निळसर आणि बोटांनी ब्रेक धरवेना. रस्त्याच्या कडेला एक गुऱ्हाळ होते. हंगाम नसल्याने बंद, पण पडवी कोरडी होती. तिथे सगळे उतरलो.

गुरुजी म्हणाले, “तुम्ही पुढे व्हा. मी येतो मागून यष्टीने.”

बाई म्हणाल्या, “यष्टीचं नंतर बघू गुरुजी. आधी तो ओला सदरा काढा.”

त्यांच्या अंगावर सुती सदरा होता. सुती कापड भिजले की अंगाची ऊब ओढून घेत राहते. लोकरीचे भिजले तरी थोडी ऊब राखते. मिस्त्रींनी आपला जाड स्वेटर प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून आणला होता, तो त्यांना चढवला. कारखान्यातला पोरगा त्या पावसात मागे तीन किलोमीटर जाऊन थर्मास भरून चहा आणि गरम भजी घेऊन आला. दीड तास गेला. गुरुजींच्या तोंडावर रंग आला, पण आता आंबोली त्या दिवशी होणार नाही हे सर्वांना दिसत होते. आजऱ्याला मुक्काम करायचा, म्हणजे एकूण प्रवास एका दिवसाने लांबणार.

आता त्या पोराची गोष्ट सांगितली पाहिजे. त्याची सुट्टी रविवारी संपत होती. सोमवारी सकाळची पाळी. चुकवली तर दिवसाचा पगार जाऊन भागणार नव्हते, कंत्राटाची नोकरी होती. आजऱ्याच्या त्या खोलीत, दोरीवर सात जणांचे ओले कपडे टांगलेले असताना, रात्री यावर पुष्कळ बोलणे झाले. आमच्यात सर्वांत जोरकस चालवणारा तोच. आजऱ्याहून पणजी सुमारे 130 किलोमीटर. पहाटे एकटा निघाला असता तर संध्याकाळी पणजी गाठून रात्रीच्या बसने परत जाता आले असते. आम्ही सर्वांनी त्याला तेच सांगितले. गुरुजींनी तर फार आग्रह केला, आणि त्या आग्रहात किती लाज होती हे आम्हांला दिसत होते. तो ऐकेना. “एकट्यानं जाऊन काय करू, गुरुजी? पणजी काय मी पाहिली नाही होय?” एवढेच बोलला. रविवारी सकाळी त्याने सायकल यष्टीच्या टपावर चढवली, दोरीने बांधली, आणि पुण्याला निघून गेला. गुरुजी गाडी दिसेनाशी होईपर्यंत स्टँडवर उभे होते.

पुढे आम्ही सहा जण. आजऱ्यापासून हिरण्यकेशीची संगत होती. ती आंबोलीच्याच डोंगरात उगम पावते, म्हणजे आम्ही तिच्या उलट दिशेने चाललो होतो. आंबोलीला पोचलो तो रविवार. धबधब्यापाशी मोटारींची ही रांग, गाण्यांचा कल्लोळ, कणसे, छत्र्या! निसर्ग पाहायला आलेली मंडळी बहुतेक स्वतःचीच छायाचित्रे पाहत होती. असो, तक्रार करणारे आम्ही कोण, आम्हीही तिथे भजी खाल्लीच.

घाट चढणे अवघड असा समज आहे. पावसात उतरणे अवघड. धुके इतके की पुढच्याचा लाल दिवा दहा हातांवर विरून जाई. रस्त्यावरून वाहणाऱ्या पाण्यातली बारीक वाळू रिमला चिकटते आणि ब्रेकची रबरे कानशीने घासावीत तशी खाते. निम्म्या घाटात मिस्त्रींनी सर्वांना थांबवले आणि एकेकाची रबरे तपासली. दोघांची संपत आली होती, लोखंड रिमला लागायच्या बेतात. जादा रबरे एकाच सायकलपुरती होती. ती बाईंच्या सायकलला बसवली, आणि मग सहाही जण दाणोलीकडचा उरलेला उतार सायकली हातात धरून पायी उतरले. ज्यांचे ब्रेक ठीक होते तेही. पाऊण तास जास्त गेला. सावंतवाडीला दिवेलागणीनंतर पोचलो, आणि बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून झोपलो. सकाळपर्यंत कागद पाणी पितो.

सोमवारी बांद्याला तेरेखोल, कोलवाळला शापोरा, आणि दुपारी मांडवी. पूल ओलांडताना पाऊस नव्हता. कोणी जयजयकार केला नाही. गुरुजींनी खिशातून वही काढून बाईंना नद्यांचा आकडा विचारला आणि लिहून घेतला.

परत आल्यावर लोक विचारत, “सगळ्यांनी पुरी केली ना?” यावर आम्ही एकमेकांकडे पाहत असू. बासष्ट वर्षांच्या गुरुजींनी पुरी केली हे खरे. सर्वांत बलवान गडी आजऱ्याहून परतला हेही खरे. नियम कोणी मोडला नाही, तरी सात निघाले आणि सहा पोचले. पोराला विचारले तर तो म्हणे, “झाली की. आजऱ्यापर्यंत आपली टोळी होती.” गुरुजींना हे मान्य नव्हते.

त्यांनी पुढल्या वर्षीच आजरा ते पणजी पुन्हा काढायचे ठरवले. 2019 च्या ऑगस्टात आम्ही पिशव्या भरल्या, आणि पंचगंगेने शिरोलीजवळ महामार्गच बुडवला. कोल्हापूर-सांगलीचा तो महापूर आपणा सर्वांना आठवत असेल. 2020 साल महासाथीत गेले. 2021 च्या जुलैत पुन्हा पूर, पुन्हा तोच रस्ता बंद. अखेर 2022 च्या जुलैत आम्ही सातही जण यष्टीने आजऱ्याला उतरलो. पोराने दोन दिवसांची रजा महिनाभर आधी लिहून दिली होती. मिस्त्रींनी ब्रेकच्या रबरांच्या सात जोड्या आणल्या. गुरुजी सहासष्ट वर्षांचे. अंगात लोकरीचा स्वेटर. पाऊस तसाच होता, धुकेही तसेच. घाटाच्या माथ्यावर पोरगा थांबला आणि म्हणाला, “गुरुजी, तुम्ही पुढं व्हा.” मग गुरुजींच्या चालीने आम्ही खाली उतरलो.