राजधानीच्या तसबिरी आणि बेनांव रयत
(चितेगाव येथें दिलेलें व्याख्यान)



आज आम्हीं हैदराबादच्या जुन्या तसबिरींविषयीं बोलणार आहोंत. कुणबी-कारागिरांना राजवाड्यांच्या चित्रांचें काय, असें कोणी विचारील. पण १९४८ पर्यंत आपलें चितेगाव निजामाच्या राज्यांत होतें आणि हैदराबाद ही आपली राजधानी होती. तेथील वैभवाला आपल्या वाडवडिलांचा शेतसारा लागला आहे. म्हणून त्या तसबिरी आपण डोळे उघडून पाहिल्या पाहिजेत.

राजा दीनदयाळ हे सहावे निजाम महबूब अली खान यांचे दरबारी छायाचित्रकार. ते १९०५ सालीं वारले. फलकनुमा राजवाडा, दरबार, शिकारी, लष्करी कवायती हें सारें त्यांनीं काचांवर उतरविलें. खुर्चीवर बसलेल्या उमरावाचें नांव आज पुस्तकांत सांपडतें. मागें उभ्या असलेल्या चाकराचें काय? राजवाड्याचा दगड घडविणाऱ्या पाथरवटाचें काय? तें कोणी लिहिलेंच नाहीं.

१९०८ च्या २८ सप्टेंबरला मुसी नदीला महापूर येऊन राजधानींत हजारों माणसें बुडालीं. उद्ध्वस्त वस्त्यांच्या तसबिरी आजही पाहावयास मिळतात. घरें दिसतात; घरधनी कोण, तें कळत नाहीं.

आतां आपल्याच जिल्ह्याकडे या. १८९९-१९०० च्या दुष्काळांत दीनदयाळांच्या चित्रशाळेनें औरंगाबाद भागांतील मदतकार्याच्या तसबिरी काढल्या. सरकारचें सत्कार्य जगाला दिसावें, हा त्यांचा हेतु. पण दिसतात तीं उपासानें खंगलेलीं माणसें. त्यांत आपला पणजा असेल, पणजीही असेल. ओळखावयाचें कसें?

बंधूंनो, लेखणी ज्याच्या हातीं, इतिहासांत नांव त्याचें. आपण लेखणी दुसऱ्याच्या हातीं राहूं दिली आणि बेनांव झालों. आतां मुलेंमुली शिकलीं आहेत. सबब उरली नाहीं.

आज घरीं गेल्यावर भिंतीवरची, पेटींतली जुनी तसबीर काढा. घरांतलें म्हातारें माणूस आहे तोंवर त्याला विचारा. मागें पेन्सिलीनें नांव, गांव, साल आणि धंदा लिहा. बाईमाणसाला 'अमक्याची बायको' म्हणून सोडूं नका. तिचें स्वतःचें नांव लिहा. मोबाइलमधल्या फोटोंनाही हाच नियम लावा.

राजांचीं नांवें राजांच्या माणसांनीं जपलीं. आपलीं आपणच जपलीं पाहिजेत.