उन्हाच्या देशातला थंड डोंगर



चिटणीसबाईंनी प्रवासावर दोन शब्द बोलायला सांगितलं, तेव्हा मला हसूच आलं. मी सातवी शिकलेली बाई. रत्नागिरीहून कोल्हापूर आणि एकदा महाबळेश्वर, एवढाच माझा प्रवास. पण २०२४ सालच्या जानेवारीत आमच्या ह्यांनी मला आणि मुलाला तीन आठवडे शारजाला नेलं. तिथून एक दिवस आम्ही जबल जैस नावाच्या डोंगरावर जाऊन आलो, तेच सांगते.

हे तिकडे एकोणीस वर्षं नोकरीला आहेत. वर्षातून एकदा महिनाभर घरी येतात. आपल्यातल्या किती जणींचं असंच आहे, ते मी सांगायला नको.

रविवारी ह्यांना सुटी. पहाटे उठून मी घावणे आणि लसणीची चटणी केली. मुलगा म्हणाला, स्वेटर घे. मी म्हटलं, वाळवंटात कसली रे थंडी! पुतण्याची गाडी होती. दोन्ही बाजूंना वाळू, मधूनच उंट. दीडदोन तासांत रास अल खैमा आलं. सात अमिरातींपैकी अगदी उत्तरेकडलं हे राज्य. तिथून घाट सुरू झाला.

घाट म्हटला की माझ्या डोळ्यांपुढे आपला आंबा घाट येतो. इथे झाड नाही, गवत नाही, नुसता करडा दगड. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तिकडे जेमतेम शंभराच्या आसपास. कोरड्या नदीला तिकडे वादी म्हणतात. मला वाटलं, कुणाची वाडी असेल! मुलाने सांगितलं की हा दगड चुनखडीचा, फार पूर्वी समुद्राच्या तळाशी थर साचून झालेला. आपला सह्याद्री लाव्हारसाचा. पोरं शिकतात ते बरंच आहे.

डोंगराची उंची १९३४ मीटर, महाबळेश्वराहून पाचशे मीटर तरी जास्त. गाडी अगदी माथ्यावर जात नाही, बरीच खाली थांबते. पण दार उघडलं मात्र, असा वारा आला की माझे दात वाजू लागले. २००९ साली तर तिथे बर्फ पडलं होतं म्हणे! ह्यांनी अंगातलं जाकीट काढून मला दिलं. समोर लोक तारेला लटकून दरीवरून जात होते. ती तार २.८३ किलोमीटर लांब आहे आणि २०१८ साली सुरू झाली, तेव्हा जगात सर्वांत लांब ठरली. मला तर बघूनच पोटात गोळा आला.

घावणे खाताना मी सहज विचारलं, "तुम्ही किती वेळा आलात इथे?"

"पहिल्यांदाच," हे म्हणाले.

मला खोटंच वाटलं. पुतण्या म्हणाला, "काकू, काकांची एकच सुटी. आठवड्याचे कपडे धुतात, सगळ्या खोलीचं जेवण करतात. दुपारी तुमचा फोन असतो, म्हणून कुठे जात नाहीत."

त्या फोनवर मी काय बोलत आले, ते मलाच ठाऊक. माकडांनी आंबे नासले, कौलं फुटली, सासूबाईंचं दुखणं, आणि वर, तुम्ही तिकडे मजेत! एकोणीस वर्षं दर सुटीला. मला घास गिळेना.

हे दरीकडे बघत होते. थोड्या वेळाने म्हणाले, "विहिरीकडल्या कलमांना मोहोर कसा आहे गं?"

मी म्हटलं, "चांगला आहे. तुम्ही येऊन बघा." ह्यांनी मान हलवली, बोलले काही नाहीत.

उतरताना कान दडे बसल्यासारखे झाले. खाली पुन्हा ऊन, पुन्हा वाळू. जाकीट मी परत दिलंच नाही. ते आमच्या माजघरात खुंटीला आहे. रविवारचा फोन अजून येतो. आता आधी मी विचारते, आज काय रांधलंत? नोकरी सोडून येण्याचं ह्यांनी मनावर घेतलं आहे. मुलाचं शिक्षण आणि घराचं कर्ज आहे, तेव्हा बघू.

तुमच्यापैकी कुणी तिकडे जाणार असाल, तर शाल बरोबर असू द्या.