निमंत्रण दिल्यानंतर



महाविद्यालयात कुणाला बोलवावे हा वाद आता निमंत्रण देण्याआधी होत नाही. पत्रिका वाटून झाल्यावर होतो. आदल्या दिवशी एखादी संघटना निवेदन देते, मग संस्थाचालकांचे फोन सुरू होतात आणि संध्याकाळी फलकावर सूचना लागते: ‘अपरिहार्य कारणास्तव व्याख्यान रद्द.’ ते कारण विद्यार्थ्यांना कुणी सांगत नाही. मला आज त्याच कारणाविषयी बोलायचे आहे.

बोलण्यावरची बंदी मराठवाड्याला पुस्तकातून शिकावी लागली नाही. निजामाच्या राज्यात गस्ती निशाण 53 या परिपत्रकाप्रमाणे सभेला सरकारची परवानगी लागे. 1938 साली वसतिगृहांत वंदे मातरम् म्हटले म्हणून हैदराबाद आणि औरंगाबादच्या विद्यार्थ्यांना काढून टाकले. त्यांतल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने आसरा दिला. निजामाविरुद्धच्या लढ्यातल्या माणसांच्या पुढाकाराने 1950 मध्ये नांदेडात पीपल्स कॉलेज उभे राहिले. पुढे विचारवंत नरहर कुरुंदकर तिथे प्राचार्य झाले. मनुस्मृती असो की मुस्लिम राजकारण, संयोजक आज जे विषय पत्रिकेत छापायला कचरतात, त्यांवर कुरुंदकर उघडपणे बोलले आणि लिहिले. 10 फेब्रुवारी 1982 रोजी औरंगाबादेत व्यासपीठावरच त्यांना मृत्यूने गाठले. हा वारसा सांगणाऱ्या गावाने निवेदनाला घाबरावे, हे मला पटत नाही.

दिलेले निमंत्रण मागे घेतले की काय होते, हे यवतमाळने दाखवले. 2019 च्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या उद्घाटक म्हणून लेखिका नयनतारा सहगल यांना बोलावले आणि विरोधाची चाहूल लागताच ‘येऊ नका’ म्हणून कळवले. त्यांचे न झालेले भाषण मराठीत येऊन महाराष्ट्रभर वाचले गेले. साहित्य महामंडळाच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला आणि संमेलनाध्यक्ष अरुणा ढेरे यांनी व्यासपीठावरूनच या प्रकाराबद्दल खंत व्यक्त केली. 1936 मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने डॉ. आंबेडकरांचे भाषण असेच टाळले होते. बाबासाहेबांनी ते स्वखर्चाने छापले. मंडळाचे नाव आज त्या रद्द केलेल्या भाषणामुळेच घ्यावे लागते.

याच्या उलट उदाहरण शेजारच्या लातूर जिल्ह्यातच आहे. एप्रिल 2022 मध्ये उदगीरला उदयगिरी महाविद्यालयाच्या प्रांगणात अखिल भारतीय संमेलन भरले. त्याच दिवसांत त्याच गावात विद्रोही साहित्य संमेलनही झाले. एकीकडे भारत सासणे अध्यक्ष, दुसरीकडे गणेश विसपुते. ज्यांना पहिला मांडव पटत नव्हता, त्यांनी तो उखडला नाही, आपला वेगळा घातला. विरोध करण्याची रीत ही आहे.

मर्यादा अर्थातच आहेत. संविधानाच्या 19व्या कलमातच त्या लिहिल्या आहेत. हिंसेला चिथावणी देणाऱ्याला व्यासपीठ देऊ नये. पण न पटणारा विचार म्हणजे चिथावणी नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्ये एस. रंगराजन खटल्यात सांगितले की, निदर्शनांच्या किंवा हिंसेच्या धमकीपुढे राज्याने अभिव्यक्तीचा बळी देता कामा नये. कुणाला बोलवायचे नाही, हे ठरवायचा अधिकार महाविद्यालयाला आहे. मात्र धमकी मिळाल्यावर निमंत्रण मागे घेतले, तर तो अधिकार धमकी देणाऱ्याच्या हाती जातो आणि पुढच्या वर्षीची वक्त्यांची यादी तोच ठरवतो.

म्हणून प्राचार्यांना माझी विनंती आहे. नियम शांततेच्या काळातच लिहून ठेवा. दिलेले निमंत्रण प्राचार्याने एकट्याने, फोनवरून रद्द करू नये. समितीने बसून ठरवावे आणि कारण फलकावर लावावे. वक्त्याला जेवढा वेळ, त्याच्या निम्मा तरी प्रश्नांना द्यावा. निनावी चिठ्ठ्या नकोत. विद्यार्थ्याने उभे राहून, नाव सांगून विचारावे. बाहेर घोषणा देणाऱ्यांना फाटकाशी जागा द्यावी आणि त्यांच्या एका प्रतिनिधीला आत पहिला प्रश्न विचारू द्यावा.

परीक्षेच्या तयारीसाठी गाजलेल्या लातूर पॅटर्नने आपल्या मुलांना चार पर्यायांतून एक बरोबर उत्तर निवडायला उत्तम शिकवले. त्यांतली काही मुले उद्या डॉक्टर होतील, काही तहसीलदार. न पटणाऱ्या माणसाचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घेऊन त्याला मुद्देसूद उत्तर देणे, हे त्यांना नोकरीत रोज करावे लागेल. त्याचा सराव परीक्षेच्या हॉलमध्ये होत नाही, सभागृहात होतो. तो त्यांना मिळवून देणे हे आपले काम आहे, आणि त्यासाठी थोडा गोंधळ सोसावा लागला तर तो आपण सोसला पाहिजे.