पडलेल्या फणसाचं घर

(रौप्यमहोत्सवी सोहळ्यात सोसायटीच्या एका सभासदाने केलेले भाषण)



कमिटीने मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे, 'तुमच्या गावच्या घराबद्दल बोला'. ऑक्टोबर 2020 ते मार्च 2021 मी जवळजवळ दर शनिवार-रविवार बिल्डिंगमधून गायब असायचो. खजिनदार असून तीन मीटिंगना गैरहजर राहिलो, त्याची ही वसुली आहे असं समजतो.

आमचं गाव श्रीवर्धन तालुक्यात. 3 जून 2020 ला दुपारी निसर्ग चक्रीवादळ त्याच किनारपट्टीवर आलं. ताशी शंभर किलोमीटरहून जास्त वेगाचा वारा. नारळ-सुपारीच्या वाड्या अक्षरशः झोपल्या. वीज गेली, फोन बंद. आई तेव्हा इथे माझ्याकडेच होती. ती दोन दिवस काही बोलली नाही, फक्त मोबाईल जवळ घेऊन बसायची. लॉकडाऊन होता. ई-पास काढून आम्ही पोचलो तेव्हा घराचं छप्पर माजघरात उतरलेलं होतं. परड्यातले आजोबांनी लावलेले दोन फणस, बांधावरचे तीन ऐन आणि एक आंबा आडवे पडले होते.

मी सगळ्यांना सांगत होतो, वादळाने घर पाडलं. पहिल्याच दिवशी गावातले मेस्त्री आले. सत्तरीचे गृहस्थ, त्यांच्या वडिलांनी आमच्या घराचे वासे घडवलेले. त्यांनी पडलेला एक वासा पायाने ढकलला. तो आतून भुसा झालेला होता. ते म्हणाले, "भाऊ, वादळानं नाय नेलं. ते निमित्त. घर शाकारून किती वर्षं झाली?"

वडील गेल्यापासून अकरा वर्षं घर कुलपात होतं. कोकणात दर वर्षी पावसाआधी कौलं शाकारतात. फुटलेली बदलायची, सरकलेली नीट बसवायची, पाला काढायचा. दोन दिवसांचं काम. आम्ही ते केलं नाही, कारण दादा आणि मी सात वर्षं एकमेकांशी बोलत नव्हतो. वाडीच्या वाटणीचा वाद. शाकारणीचा खर्च कोणी करायचा, या हट्टात एक कौल सरकलं, तिथून पाणी झिरपलं, वासा भिजला, वाळवी लागली. हे मी आज उघड सांगतोय, कारण त्याचा पुढे आपल्याशी संबंध आहे.

दादाचं म्हणणं, आता स्लॅब टाकू, कटकट नको. एक व्यापारी पडलेल्या झाडांचे सगळे मिळून बावीस हजार द्यायला तयार होता. आई म्हणाली, "सासऱ्यांच्या हातची झाडं आहेत. उभी असताना फळ दिलं, आता पडलीत तर घराला लागू देत." विषय संपला.

फणस आणि ऐन ही दोन्ही झाडं वृक्षतोडीच्या कायद्याच्या यादीत आहेत, जमीन स्वतःची असली तरी. त्यामुळे पंचनामा, वाहतुकीचा परवाना, सगळं रीतसर करून पाऊस संपल्यावर ओंडके गिरणीत नेले. फणसाचा ओंडका चिरला तेव्हा आतून हळदीसारखा पिवळाधमक निघाला. वर्षागणिक तो तांबूस तपकिरी होत जातो. फणसाला वाळवी सहसा लागत नाही, म्हणून दारं-खिडक्या त्याच्या. ऐन जड आणि कठीण, खिळासुद्धा वाकतो, म्हणून खांब आणि तुळया ऐनाच्या. आंबा नरम, त्याला भुंगा लवकर लागतो. त्याच्या फळ्या परातीला आणि फरमे करायला वापरल्या.

मेस्त्रींनी दोन गोष्टींवर अडून काम केलं. एक, खांब जमिनीत पुरायचा नाही. प्रत्येक खांबाखाली दगडी तळखडा, म्हणजे ओल वर चढत नाही. दुसरी, वारा छपराला वरून दाबत नाही, कडेने खाली शिरून उचलतो. म्हणून वाशांना भिंतीवरच्या तुळईशी लोखंडी पट्ट्यांनी बोल्ट मारून बांधलं आणि कडेच्या कौलांच्या ओळी तारेने जखडल्या. बाकीचे सांधे जुन्या पद्धतीचे. एका लाकडाला खाच, दुसऱ्याला कुसू, आणि वरून लाकडी खुंटी. पटाशीचा एकेक घाव घालताना ते इतके शांत असायचे की माझा नातू तासन्‌तास समोर बसून राहायचा. मोबाईल मागायचा नाही!

आता माझी चूक सांगतो. चिरलेलं लाकूड सावलीत, दोन फळ्यांमध्ये पट्ट्या ठेवून, हवा खेळेल असं रचून वाळवावं लागतं. इंचभर जाडीला साधारण वर्ष, असा ढोबळ हिशोब. मेस्त्री म्हणाले, "खांब उभे करू, ते जाग्यावर वाळतील. दारं मात्र पुढच्या दिवाळीला." मला पाडव्याला गृहप्रवेश करायचा होता. मी त्यांना चारचौघांत म्हणालो, "पैसे मी देतोय ना? मग करा." ते काही बोलले नाहीत. दारं केली. पहिल्या पावसात ती फुगून लागेनात, आणि हिवाळ्यात आकसून बोट जाईल एवढ्या फटी पडल्या. मी फोन केला. ते आले, चार दिवस रंधा मारून, पट्ट्या जोडून दारं जागेवर आणली. मजुरी घेतली. पण 'मी सांगितलं होतं' हे तीन शब्द त्यांनी उच्चारले नाहीत. मला ते ऐकायला लागले असते तर बरं वाटलं असतं.

कौलं चढवायचा दिवस मार्चमधला. मंगळुरी कौल साधारण अडीच किलोचं, आणि चौरस मीटरला पंधरा लागतात. आमची चोवीसशे होती, त्यातली नऊशे जुनी, शाबूत राहिलेली. म्हणजे सहा टन वजन हातोहात वर द्यायचं. अंगणापासून शिडीपर्यंत साखळी केली. त्यात मजूर होते, त्यांच्या बायका होत्या, माझ्या बहिणी, भाचे, सुना, आणि आपल्या बी विंगमधली चार तरुण मुलं, जी 'कोकण बघायला' म्हणून आली आणि हात सोलून घेऊन परत गेली.

दादा पुण्याहून आदल्या रात्री आला होता. तोपर्यंत पैसे पाठवत होता, पण बोलणं वहिनींमार्फत. साखळीत तो नेमका माझ्या अलीकडे उभा राहिला. कोणी ठरवलं नव्हतं. पहिलं कौल पुढे करून तो म्हणाला, "धर." सात वर्षांनंतरचा पहिला शब्द. त्या दिवशी तो हजार वेळा तरी 'धर' म्हणाला असेल. दुपारी म्हणाला, "हळू, हे आजोबांच्या वेळचं आहे." संध्याकाळी वाडीचा विषय त्यानेच काढला, आणि तो तासाभरात मिटला. वकिलाकडे सात वर्षांत मिटला नव्हता.

आणखी एक गोष्ट. माझ्या लहानपणी आमच्याकडे कामाला येणारी माणसं अंगणात जेवायची, पानं वेगळी, पाणी वरून वाढायचं. आम्हाला त्यात काही वावगं दिसत नव्हतं. या खेपेला पहिल्याच दिवशी वहिनीने तांदळाच्या भाकऱ्या आणि कुळथाचं पिठलं केलं, आणि गडी सवयीने अंगणाकडे वळले. आई ओटीवरून म्हणाली, "तुमच्याशिवाय ही ओटी उभी राहणार आहे का? वर या." सगळे एका पंगतीला बसले. ब्याऐंशी वर्षांची बाई. तिनेही त्याच घरात पन्नास वर्षं वेगळी पानं वाढली होती. रात्री मला म्हणाली, "एवढं आधीच करायला हवं होतं."

मंडळी, आता आपल्या बिल्डिंगकडे येतो.

पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं, हे आपल्या उपविधीत आहे. मागच्या वेळी ते दीड वर्ष पुढे ढकललं गेलं. कोणामुळे? खजिनदारामुळे. म्हणजे माझ्यामुळे. 'एवढा खर्च आत्ता कशाला' हे वाक्य मिनिट बुकात माझ्या नावावर आहे. सी विंगची गच्ची गळायची तेव्हा टॉप फ्लोअरवाले आणि बाकीचे असे दोन तट पडले, खर्च कोणी करायचा यावर. मला तेव्हा आमचं सरकलेलं कौल दिसायला हवं होतं. दिसलं नाही. तेव्हा आज, जाहीरपणे, टॉप फ्लोअरच्या चारही कुटुंबांची मी माफी मागतो. आणि पुढचं ऑडिट वेळेवर व्हावं, असा ठराव येत्या सर्वसाधारण सभेत मी स्वतः मांडणार आहे. अनुमोदक हवा आहे, कृपया नाव द्यावं.

दुसरी विनंती संपादक मंडळाला. या स्मरणिकेत पंचवीस वर्षांतल्या पदाधिकाऱ्यांची यादी आहे, फोटो आहेत. आमच्या घराच्या एका तुळईवर आतल्या बाजूने मेस्त्रींनी आणि त्यांच्या सगळ्या गड्यांनी खडूने नावं लिहिली आहेत. आईने पुसू दिली नाहीत. तशी एक यादी इथेही असावी. आपले वॉचमन, जिने पुसणाऱ्या मावशी, पंप दुरुस्त करायला रात्री-अपरात्री येणारे प्लंबर. त्यांची परवानगी घेऊन, पूर्ण नावानिशी. 'वॉचमन' हे कुणाचं नाव नसतं.

दर मे महिन्यात आम्ही आता शाकारणीला जातो. दादा येतो, मेस्त्री खाली खुर्ची टाकून सूचना करतात, वर मुलं चढतात. दोन दिवसांचं काम आहे. ज्यांना यायचं असेल त्यांनी जरूर यावं. राहायची सोय आहे, आणि दारं आता नीट लागतात.

माझी दहा मिनिटं संपली.