सवलतीचं दावं
(कार्यकर्ता शिबिरातील भाषण)



मोठा देश लहान देशाला वाकवतो तेव्हा दर वेळी फौज पाठवत नाही. आपल्या बाजाराचं दार उघडतो आणि कडी स्वतःच्या हातात ठेवतो. दक्षिण अमेरिकेतल्या बोलिव्हिया, इक्वेडोर आणि पेरू या तीन देशांत हे कसं झालं ते आज सांगायचं आहे. तिन्हीकडं जंगल आहे, आदिवासी आहेत. आपल्याला ते समजायला जड जाणार नाही.

१९९१ साली अमेरिकेनं या तिघांना आणि कोलंबियाला सवलत दिली. कोकेन ज्यापासून होतं ते कोकाचं पीक हटवा, मग तुमचा बराच माल आम्ही जकात न लावता घेऊ. इक्वेडोरचे गुलाब, पुढं बोलिव्हियाचे कपडे, पेरूची ॲस्परॅगस (आपल्या शतावरीच्या जातीतलीच भाजी) तिकडं जाऊ लागली. कितीतरी घरांची चूल त्यावर पेटायला लागली. पण सवलत कायमची नव्हती. २००६ च्या शेवटी मुदत संपली, तेव्हा ती आधी सहा महिने वाढवली, मग आठ, मग दहा. रोजंदारीवरचा माणूस मुकादमाला उलट का बोलत नाही, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

बोलिव्हियात एव्हो मोरालेस हा आयमारा आदिवासी राष्ट्राध्यक्ष झाला. त्यानं सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकेच्या राजदूताला देशाबाहेर काढलं. त्याच महिन्यात अमेरिकेनं सवलत थांबवायची घोषणा केली आणि डिसेंबरात ती थांबवली. कारण दिलं कोकाचं. आम्हाला ते पटत नाही. इक्वेडोरनं मे २००६ मध्ये जंगलातल्या तेलाचा एका अमेरिकन कंपनीचा ठेका रद्द केला, तर अमेरिकेनं व्यापार कराराची बोलणीच बंद केली.

पेरूनं करार केला. २००६ ला सही झाली. करार लागू करायचा म्हणून राष्ट्राध्यक्ष ॲलन गार्सिया यांनी संसदेकडून वटहुकूम काढायचे अधिकार घेतले आणि २००८ मध्ये शंभराच्या आसपास वटहुकूम काढले. त्यातला १०१५ नंबरचा नीट ऐका. जंगलातल्या गावाची सामाईक जमीन विकायची किंवा भाड्यानं द्यायची तर आधी गावातल्या एकूण सभासदांपैकी दोन तृतीयांश लोकांची संमती लागायची. आता सभेला जेवढे आले, त्यांतल्या निम्म्याहून एक जास्त असला की झालं. म्हणजे शंभरातले वीस आले, अकरांनी हात वर केला, जमीन गेली. दुसरा, १०९० नंबरचा, वनाचा. शेतीला योग्य म्हणून जंगल वनाच्या यादीतून बाहेर काढायची वाट त्यानं उघडली.

करारात जंगलावर वेगळं परिशिष्ट होतं. चोरटी लाकूडतोड थांबवा, असं त्यात होतं. गावाच्या सभेचा आकडा कमी करा, असं नव्हतं. करार अमेरिकेचा, पण त्याच्या आडून हात मारला तो घरच्याच सरकारनं. गार्सियांनी आधीच पेपरात लेख लिहून विरोध करणाऱ्यांना गवतावर बसलेल्या कुत्र्याची उपमा दिली होती, स्वतः खात नाही आणि दुसऱ्याला खाऊ देत नाही.

लोक उठले. ऑगस्ट २००८ मध्ये १०१५ रद्द झाला. वनाचा तसाच राहिला. एप्रिल २००९ पासून आवाहून आणि वाम्पिस लोकांनी, त्यांच्यासोबत इतरांनी, नद्या आणि रस्ते अडवले. त्यांची मागणी साधी होती. आदिवासींना विचारल्याशिवाय असा कायदा करायचा नाही, असं आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १६९ नंबरचा करार सांगतो, आणि पेरूनं तो मान्य केलेला आहे. (आपल्या सरकारनं केलेला नाही.) ५ जूनला बाग्वा इथं पोलिसांनी रस्ता मोकळा करायला गोळीबार केला. त्या दिवसाच्या संघर्षात ३३ माणसं मेली, १० नागरिक आणि २३ पोलीस. पोलीसही गरिबांचीच पोरं.

१८ जूनला पेरूच्या संसदेनं १०९० आणि जमिनीबाबतचा १०६४ रद्द केला. त्यानंतरही अमेरिकेबरोबरचा करार चालूच राहिला, आणि पेरूची ॲस्परॅगस पूर्वीसारखीच जकातीशिवाय अमेरिकेत जात राहिली.